घाटाखालचे ताजे, घाटावरचे सुके

पुणे जिल्ह्याच्या नकाशावर वेल्हे तालुक्याचा, म्हणजे ज्यास अलीकडे राजगड तालुका असे नाव देण्यात आले त्या मुलखाचा, नैर्ऋत्येकडील कोपरा शोधीत गेल्यास पासली हे गाव सापडते. आणि तेथून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढून पाहिली, तर ती साठ-सत्तर किलोमीटरांहून अधिक भरत नाही. पुण्यातील मित्रांस हे सांगितले म्हणजे ते प्रथम नकाशाकडे आणि नंतर माझ्याकडे संशयाने पाहतात. मावळ म्हणजे नाचणी, वरी, भात आणि धुके, व समुद्र म्हणजे कोकण, अशी जी वाटणी शाळेतल्या भूगोलाने आपल्या डोक्यात पक्की करून ठेवलेली असते, तिला हे अंतर मानवत नाही. वास्तविक पासलीच्या पुढे एक खिंड, खिंडीपलीकडे केळद, केळदच्या शेतांपलीकडे सह्याद्रीचा कडा, आणि त्या कड्याच्या पायथ्याशी महाड तालुका, इतकाच काय तो पसारा आहे. समुद्र दूर नाही. मधे घाट आहे, एवढेच.

पासली हे माझे आजोळ. त्या घरी समुद्राची ओळख मला झाली ती डोळ्यांनी नव्हे, नाकाने. चुलीच्या वर, जेथे धूर सतत लागेल अशा बेताने टांगलेल्या शिंकाळ्यात एक मडके असे आणि त्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट, बोंबील, वाकट्या आणि क्वचित खारे बांगडे भरलेले असत. आषाढात पाऊस असा लागे की दोन-दोन दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची सोय नसे. भाजीपाला मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ओढ्याला चढणीचे मासे आले किंवा बांधाच्या बिळात काळे खेकडे सापडले तर तो दिवस सणाचा. एरवी मडके खाली उतरावयाचे. आजी मूठभर सुकट सुपात घेऊन पाखडी, तिची टोके व कचरा निघून जाई, मग ती कोरड्या तव्यावर भाजून, लसूण, कांदा, लाल तिखट आणि चिमूटभर हळद घालून परती, आणि नाचणीच्या भाकरीवर ती लालभडक रास वाढी. त्या वासाने शेजारच्या घरातील माणसास आमच्याकडे आज काय शिजले आहे हे कळे, आणि त्यात कोणास संकोच वाटत नसे.

संकोच वाटे तो पाहुणा आला म्हणजे. पुण्याहून कोणी येणार असे कळले की मडके माळ्यावर जाई, कोंबडे कापले जाई, तांदूळ निवडला जाई, आणि पाहुण्याच्या ताटात सुकटीचा कण दिसू नये याची दक्षता घेतली जाई. घरचा रोजचा पदार्थ लपविण्याची ही रीत मला बालपणी स्वाभाविक वाटत असे. तिच्याविषयी प्रथम विचार करावयास लागलो तो पुढे हर्णैच्या बंदरावरील एका लहानशा खानावळीत बसलो असता, आणि त्या प्रवासाची हकिगत सांगणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

तत्पूर्वी घाटाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आज पासलीच्या माणसास कोकणात उतरावयाचे झाल्यास तो बहुधा भोरास जाऊन वरंध घाटाची मोटार धरतो. परंतु मोटारी येण्यापूर्वी केळदच्या कड्यावरून उतरणाऱ्या मढे घाट आणि उपांड्या या पाऊलवाटाच कोकण व मावळ यांमधील देवघेवीच्या नाळी होत्या. वरून धान्य, तूप, हिरडा असा माल खाली जाई, आणि खालून मीठ, नारळ व सुकी मासळी वर येई. यांतील मीठ हा सर्वांत मोठा जिन्नस. मिठाचे महत्त्व त्या काळच्या राज्यकर्त्यांस किती वाटत असे याचा पुरावा शिवाजी महाराजांच्या १६७१ सालच्या एका पत्रात आहे. बारदेशातील, म्हणजे पोर्तुगीज अमलातील, मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलखातील मिठागरे बसतात, हे ध्यानी घेऊन महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास बाहेरच्या मिठावर जबर जकात बसविण्याचा हुकूम केला. स्वराज्याचा तोल जकातीच्या आकड्यावर कसा सांभाळला जात होता हे दाखविणारे ते पत्र आहे. परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मीठ महाग झाले तर किनाऱ्यावरचा मासा खारवला जात नाही, आणि मासा खारवला गेला नाही तर तो घाट चढत नाही. आमच्या मडक्यातील बांगड्याचा संबंध असा थेट सरसुभ्याच्या दप्तरापर्यंत जाऊन पोहोचतो.

पुढे हा मुलूख भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता. या संस्थानाचे पाच तालुके विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे किल्ल्यांच्या व मावळाच्या नावांनी ओळखले जात. प्रचंडगड म्हणजे तोरणा. तेव्हा आमचा भाग त्या तालुक्यातला. सुधागड मात्र घाटाखाली, कोकणात. एकाच गादीचा अंमल घाटाच्या वर आणि खाली चालत असल्यामुळे घाट हा सरहद्दीपेक्षा वहिवाटीचा रस्ता अधिक होता. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, जिल्ह्यांच्या हद्दी कागदोपत्री पक्क्या झाल्या, पक्के रस्ते पुण्याकडे वळले, आणि कोकणाकडे तोंड करून बसलेली आमची गावे हळूहळू कोकणाकडे पाठ करून बसली. सुकी मासळी मात्र येतच राहिली. फक्त आता ती कावडीने किंवा बैलावरून न येता टेम्पोतून बाजारात येते.

कार्तिकी एकादशी उलटून गेल्यावर, चातुर्मासाची बंधने सुटून मत्स्याहारी मंडळी मोकळी झालेली असतात अशा दिवसांत, मी पासलीहून निघालो आणि मुद्दाम जुन्या वाटेने, मढे घाटाने, उतरलो. पावसाळ्यात ज्या लक्ष्मी धबधब्यापाशी शनिवार-रविवारी पुण्याच्या मोटारींची जत्रा भरते, तेथे त्या वेळी पाण्याची केवळ एक बारीक धार कड्यावरून ओघळत होती आणि तिच्या शेजारी चिप्सची रिकामी पाकिटे शांतपणे पडली होती. सिंहगडावर १६७० साली धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटाने त्यांच्या उमरठ गावी नेला, अशी या भागातील परंपरा आहे. त्या कड्याच्या माथ्यावर उभे राहून खालच्या गर्द रानाकडे पाहिले असता खांद्यावर पालखी घेऊन ती उतरण उतरणाऱ्या माणसांच्या पायांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मोकळ्या हातांनी उतरतानासुद्धा माझे गुडघे बोलू लागले होते. रानातील वाट संपून कर्णवाडीची घरे दिसू लागली तेव्हा हवा पूर्णपणे पालटली होती: अंगावरची शाल काढावी लागली, घामाची चिकट ओल जाणवू लागली, आणि कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास आला. आजोळच्या मडक्यातला वास उघड्यावर, उन्हात, कोणाचीही भीड न धरता पसरला होता.

महाडास मी थांबलो नाही. सावित्रीच्या काठचे हे गाव एके काळी चांगले नांदते बंदर होते, भरतीबरोबर गलबते आत येत, आणि येथूनच घाटमाथ्याकडे माल चढे. आज त्याचे बंदरपण इतिहासात जमा झाले आहे, आणि १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे त्यास जे स्थान लाभले ते कोणत्याही बंदराच्या वैभवापेक्षा मोठे आहे. एस. टी. ने मंडणगड, तेथून दापोली, आणि दापोलीहून आसूदच्या उतारावरील नारळी-पोफळींच्या बागांमधून हर्णै, असा पुढचा प्रवास झाला. गाडी शेवटच्या वळणावर आली तेव्हा उजवीकडे एकाएकी समुद्र उघडा पडला आणि त्याच्या मध्यभागी सुवर्णदुर्गाचा काळा तट उन्हात उभा असलेला दिसला.

सुवर्णदुर्गाविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र लेख लागेल. कान्होजी आंग्र्यांचा उत्कर्ष या जलदुर्गाशी निगडित आहे, आणि त्यांच्याच घराण्यातील तुळाजी आंग्र्यांकडून तो १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साह्याने जिंकून घेतला, हे आपल्या इतिहासातील एक सलणारे कलम आहे. किनाऱ्यावर त्याच्यासमोर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले आहेत; कनकदुर्गावर आता दीपगृह आहे आणि फत्तेगडावर वस्ती. मुंबईच्या आगबोटी कोकण किनाऱ्याने जात-येत असत त्या दिवसांत हर्णै हे एक ठरलेले थांबण्याचे ठिकाण होते. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंस पडावातून, लाटांचे तुषार खात, किनाऱ्यावर आणीत. किनारा उथळ असल्याने ती तऱ्हा माशांच्या बाबतीत अद्याप पुष्कळ अंशी चालू आहे. मच्छीमारांच्या मोठ्या नौका आत, खोल पाण्यात नांगरलेल्या असतात. तेथून मासळी लहान होड्यांतून काठाकडे येते. आणि होडीसुद्धा जेथे रुतते तेथून पुढे बैलगाडी.

ही बैलगाडी मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. दुपारचे चार वाजून गेले असावेत. ओहोटीच्या ओल्या वाळूवरून एक गाडी सरळ समुद्रात शिरली. बैलांच्या पोटाला पाणी लागले, चाकाचे तुंबे बुडाले, तरी ते बैल जणू नांगरटीच्या शेतात असावेत अशा निर्विकारपणे लाटेच्या समोर उभे राहिले. लाट आली की फक्त माना वर करीत. होडीतून पाट्यांमागून पाट्या गाडीत पडल्या. गाडीवानाने जिभेने एक आवाज काढला आणि बैल वळले. आमच्या मावळात बैल चिखलणीला जुंपतात, गुडघाभर चिखलात ते दिवसभर राबतात, पण खाऱ्या पाण्यात उभे राहून मासळी वाहणारे हे त्यांचे भाऊबंद पाहून मला शेतकरी आणि कोळी या दोन जातिवंत कष्टकऱ्यांमधील अंतर घाटाइतकेही नाही असे वाटले.

वाळूवर पाट्या ओळीने मांडल्या गेल्या आणि लिलाव सुरू झाला. हा प्रकार पाहण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येथे येतात, आणि यावे असाच तो आहे. हर्णै आणि शेजारच्या पाजपंढरी येथील कोळणी हातात नोटांच्या गुंडाळ्या घेऊन पाट्यांभोवती कोंडाळे करून उभ्या होत्या. लिलाव बोलणारा एका दमात आकडे चढवीत होता. बोली लावणाऱ्या बायका तोंडाने फारसे काही बोलत नव्हत्या, भुवई, हनुवटी किंवा एखादे बोट हलत होते आणि तेवढ्यावर शेकड्यांचे व्यवहार ठरत होते. एकही चिठ्ठी लिहिली जात नव्हती, तरी कोणत्या पाटीचा मालक कोण याविषयी तंटा उद्भवल्याचे मला दिसले नाही. सरकारी कचेरीत याच व्यवहारास तीन प्रतींत अर्ज, दरखास्त, शेरा आणि पोच एवढे सोपस्कार लागले असते. मोठी सुरमई, पापलेट आणि कोळंबी बर्फाच्या गाड्यांकडे गेली, म्हणजे मुंबई-पुण्याकडे आणि त्याहून दूर. उरलेले बांगडे, मांदेली, ढोमे, म्हाकुले आणि बळे यांचे वाटे करून किरकोळ विक्री करणाऱ्या कोळणी वाळूतच बसल्या.

माशाची पारख कशी करावी याची शिकवणी तेथे फुकट मिळते, फक्त उभे राहून ऐकले पाहिजे. एक वृद्ध कोळीण गिऱ्हाइकास बांगड्याचा कल्ला बोटाने उघडून आतला रंग दाखवीत होती. तो लालभडक आणि ओला असावा, तपकिरी पडला की मासा कालचा. डोळा फुगीर आणि काचेसारखा स्वच्छ असावा, खोल गेलेला किंवा धुरकटलेला नसावा. पाठीवर अंगठा दाबला तर खळगा पडून राहू नये, मांस लगेच वर यावे. आणि शेवटी नाकाला लावून पाहावा. ताज्या माशास माशाचा वास येत नाही, समुद्राचा येतो. बांगड्याच्या बाबतीत ही परीक्षा विशेष कडक करावी लागते. तो तेलाचा मासा; पाण्याबाहेर आल्यावर उन्हात त्याची चव तासातासाने उतरते, आणि निष्काळजीपणे ठेवलेला बांगडा नुसता बेचवच होतो असे नाही, तर अंगावर गांधी उठविण्याइतका दूषितही होतो. ज्या माशास वाट पाहणे ठाऊक नाही त्यास किनाऱ्यावरच खावे किंवा किनाऱ्यावरच खारवावे, तिसरा मार्ग नाही, हे आपल्या पूर्वजांनी शास्त्राच्या साह्यावाचून ओळखले होते.

खानावळ बंदरापासून चालत थोड्याच अंतरावर, एका घराच्या पडवीत होती. पाटी नव्हती, पडवीच्या खांबाला ‘जेवण मिळेल’ असे खडूने लिहिलेली एक फळी टांगलेली होती. चार टेबले, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर देवाचे कॅलेंडर आणि एका वाळलेल्या जाळ्याचा गुंडाळा, इतके सामान. घरधनी नौकेवर खलाशी, आणि स्वयंपाकाचा सर्व कारभार त्यांच्या पत्नीच्या हातात. मी त्यांना मावशी म्हणालो आणि त्यांनीही ते नाते विनातक्रार मान्य केले.

“सुरमई मिळेल का, मावशी?” मी विचारले, कारण पुण्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी हाच शब्द प्रथम येतो.

“मिळेल की. पण बर्फातली आहे, कालची,” त्या म्हणाल्या. “आज नका घेऊ. बांगडा आत्ता उतरलाय, तो घ्या. आणि मांदेली कुरकुरीत करून देते.”

आपल्याकडील महाग जिन्नस न खपविता स्वस्त जिन्नस घ्या म्हणून सांगणारा दुकानदार मी आयुष्यात फार पाहिलेला नाही. मी होकार दिला आणि बसण्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. त्यांनी हरकत घेतली नाही.

विळीवर बसून त्यांनी बांगड्याची शेपटी व पर छाटले, पोट एका चिरेत उघडून आतील घाण काढली, आणि मासा दोनदा, केवळ दोनदा, पाण्यातून काढला. फार धुतला तर गोडी जाते, असे त्या म्हणाल्या. दोन मासे अंगभर आडव्या चिरा देऊन मीठ, हळद, लसूण-मिरचीचे वाटण आणि थोडे आगळ चोळून बाजूस ठेवले. बाकीच्यांचे तुकडे कालवणासाठी. कालवण करण्याची त्यांची पद्धत अशी की ओले खोबरे, सुक्या मिरच्या, धणे आणि लसूण यांचे पाट्यावर नव्हे पण मिक्सरमध्ये, तरीही गंधासारखे बारीक, वाटण करून ते पातेल्यात पाण्यासह उकळावयाचे, त्यात आमसुले टाकावयाची, रस्सा रटरटू लागला आणि कच्चेपणाचा वास गेला की मग शेवटी मासा सोडावयाचा. मासा पडल्यावर पळी घालावयाची नाही. फडक्याने पातेल्याचे काठ धरून ते गोल हिंदकळावयाचे, नाहीतर तुकडे मोडतात. काही मिनिटांत पातेले खाली. ज्या खानावळीत मासा सकाळपासून रश्श्यात उकळत पडलेला असतो तेथे खोबऱ्याची चव लागते, माशाची लागत नाही. येथे ती दुसऱ्या चुलीवर तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर ठेवलेल्या बांगड्याच्या चरचरीतूनच कळू लागली होती.

ताट आले. तांदळाची भाकरी, तिच्यावर ओलसर वाफ, एका कडेस डोक्यासकट तळलेल्या मांदेलीची रास, जी काट्यांसह चावून खावयाची, मध्ये बांगडा, वाटीत कालवण, दुसऱ्या वाटीत फिकट गुलाबी सोलकढी, आणि कांद्याची एक फोड. पहिला घास मी कालवणाशिवाय, नुसत्या बांगड्याचा, खाल्ला. पाठीकडील काळसर पट्टीचे मांस बोटाने सुटून आले, बाहेर पिठाची खरपूस साल आणि आत इतके रसरशीत की त्यात तेल आहे की पाणी आहे याचा निवाडा करता येऊ नये. पुण्यात मी बांगडा पुष्कळदा खाल्ला होता, आणि तो मला नेहमी उग्र वाटत आला होता. उग्रपणा हा बांगड्याचा स्वभाव नसून प्रवासाचा परिणाम आहे, हे त्या घासाने सिद्ध केले. येथे त्याची चव जवळजवळ गोड होती. त्यानंतर मी बोललो नाही. कोकणी माणूस मासे खाताना बोलत नाही यास लोक शिष्टपणा समजतात. ते खरे पाहता काट्यांविषयीचे दाक्षिण्य आहे.

दुसरी भाकरी वाढताना मावशींनी विचारले, “कुठून आलात?”

“वेल्ह्याकडून. तोरण्याच्या पलीकडे पासली म्हणून गाव आहे.”

“तिकडं मासे मिळतात का?”

“ओढ्याचे मिळतात पावसाळ्यात. बाकी सुकटच. बोंबील, खारे बांगडे.”

“म्हणजे आमचंच की,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन एक डबा घेऊन आल्या. त्यात खडे मिठात मुरवून उन्हात वाळविलेले बांगडे होते. “जास्त मासळी उतरली आणि भाव पडला की हे करतो. चांगला मासा असतो, टाकाऊ नव्हे. ताज्यालाच मीठ लावायचं, शिळ्याला लावून उपयोग नाही.”

या शेवटच्या वाक्याने मला खुर्चीत ताठ बसविले. सुका मासा म्हणजे जो ताजा विकला गेला नाही तो, उरलेला, गरिबाचा, असे आपण घाटावरचे लोक मनोमन धरून चालतो. म्हणून तर पाहुण्यापुढे तो येत नाही. बोंबील बांबूच्या वलांडीवर जोडी-जोडीने जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात तोही समुद्रातून आल्या-आल्या. जवळा खळ्यावर पसरतात तोही त्याच दिवसाचा. खारा बांगडा तर ताजेपणाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावाचून मिठात जातच नाही. मग लाज कशाची?

याच संदर्भात जपानातील एका वाटेची माहिती पूर्वी माझ्या वाचनात आली होती ती त्या टेबलापाशी बसून आठवली. जपानास मी गेलेलो नाही. परंतु बंदरगावातील लहानशा उपाहारगृहात सकाळी लिलावात घेतलेला मासा दुपारच्या आत गिऱ्हाइकाच्या पुढे ठेवण्याचा त्या देशाचा लौकिक सर्वांस ठाऊक आहे, आणि टोक्योच्या त्सुकिजी येथील १९३५ साली सुरू झालेला प्रचंड मासळीबाजार २०१८ मध्ये तोयोसू येथे हलविला गेला तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. मला भावली ती मात्र दुसरी गोष्ट. वाकासा उपसागराच्या काठी ओबामा नावाचे बंदर आहे. तेथून डोंगर ओलांडून क्योतो ही जुनी राजधानी अठरा ‘री’, म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटर. क्योतोस समुद्र नाही. तेव्हा ओबामाचे हमाल बांगड्याच्याच कुळातील साबा नावाचा मासा किनाऱ्यावर मीठ लावून पाठीवर घेत आणि डोंगरवाटांनी क्योतोस पोहोचवीत. पोहोचेपर्यंत मीठ बरोबर मुरलेले असे. त्या वाटेस ‘साबा काइदो’, म्हणजे साबाचा राजमार्ग, असे नाव पडले. त्या खारवलेल्या माशापासून होणारी सुशी क्योतोच्या गिओन उत्सवाच्या मेजवानीत मानाने वाढली जाते. आणि २०१५ मध्ये जपान सरकारने आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत जी पहिली स्थाने घातली त्यांत या वाटेचा समावेश केला.

पासलीपासून हर्णैचे अंतर, सरळ रेषेत, जवळजवळ तेवढेच आहे. मासा त्याच कुळातला, मीठ तेच, मधे डोंगरही तसाच. फरक इतकाच की क्योतोच्या लोकांनी खारा मासा सणाच्या ताटात मांडला, आणि आम्ही तो माळ्यावर लपविला. क्योतो ही राजधानी होती आणि पासली हे मावळातील खेडे, हा भेद मी विसरत नाही. राजधानीने जे खाल्ले त्यास संस्कृती म्हणतात आणि खेड्याने जे खाल्ले त्यास गरज म्हणतात, हा जगाचा जुना कायदा आहे. परंतु तो कायदा आपण आपल्याच घरात लागू करावा असा कोणाचा हुकूम नाही.

किनाऱ्यावरचा ताजा मासा आणि घाटावरचा सुका मासा या दोन्ही प्रामाणिक पदार्थांच्या मधे एक तिसरा पदार्थ अलीकडे बोकाळला आहे, आणि त्याविषयी माझे मत स्पष्ट सांगतो. पुण्याभोवतीच्या हमरस्त्यांवर, धरणांच्या काठी, आणि आता आमच्या वेल्ह्याच्या रस्त्यावरसुद्धा, ‘ताजी सुरमई’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात. ती सुरमई अनेक दिवस बर्फात राहून, दोन-तीन गाड्या बदलून आलेली असते. तिचे मांस कापसाप्रमाणे सुटते, आणि तो दोष झाकण्यासाठी तिच्यावर लाल मसाल्याचा जाड लेप थापलेला असतो. शिवाय सुरमई आणि पापलेट या दोनच नावांचा शहरी हट्ट पुरविण्यासाठी दर्यावर जो ताण पडतो तो वेगळाच. बर्फ हा वाईट नव्हे; त्याच्यामुळे कोळ्यास भाव मिळतो हे मान्य. पण सोळाशे लोकांनी हात लावलेला मासा ‘ताजा’ म्हणून घाटावर खाण्यापेक्षा, खारा म्हणून आलेला मासा खारा म्हणून खाणे अधिक चवदार आणि कमी खर्चाचे आहे. ज्यास ताजे हवे त्याने घाट उतरावा.

निघताना मावशींच्या डब्यातले काही खारे बांगडे मी विकत घेतले. पैसे घेताना त्यांनी, एस. टी. त शेजाऱ्यास वास येऊ नये म्हणून, ते प्रथम केळीच्या पानात आणि मग दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून दिले. तरी दापोली ते महाड या प्रवासात माझ्या शेजारचे आसन रिकामेच राहिले, आणि त्याचा मला खेद झाला नाही. पासलीस परतल्यावर मामीने ते भाजून, वर खोबरेल तेलाचा थेंब सोडून, नाचणीच्या भाकरीबरोबर वाढले. त्या दिवशी घरी पुण्याचा एक पाहुणा होता. त्याच्यापुढेही ठेवले. त्याने दुसरा मागितला.

पासली, केळद आणि आसपासच्या गावांत हल्ली धबधबे पाहावयास येणाऱ्यांसाठी घरगुती जेवणाची सोय होऊ लागली आहे. त्या घरांतील मंडळींस माझी एवढीच विनंती की पनीरची भाजी आणि हमरस्त्यावरची सुरमई यांच्या मागे न लागता त्यांनी पाहुण्याच्या ताटात सुकट वाढावी, खेकड्याचा रस्सा वाढावा, आणि विचारलेच तर हा मासा कोणत्या घाटाने वर येत असे तेही सांगावे. आणि ज्या वाचकांस हर्णैस जावयाचे असेल त्यांनी दुपारी चारच्या सुमारास बंदरावर पोहोचावे, कोणता मासा हवा हे ठरवून न जाता कोणता उतरला आहे ते विचारावे, व खानावळवाल्यांचा सल्ला मानावा. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस कायद्याने बंदी असते. नौका वर ओढलेल्या असतात आणि लिलाव भरत नाही. मी मावशींना विचारले होते की त्या दोन महिन्यांत तुम्ही काय करता. खानावळ चालूच असते, त्या म्हणाल्या. त्या दिवसांत आम्हीही सुकटीचेच कालवण करतो.